भारी गड्याचा भाव

पुलगावच्या कापसाच्या बाजारात चार दिवस वावरलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. वजन निराळे आणि भाव निराळा. दोन गाड्या काट्यावर अगदी सारख्या उतरल्या तरी त्यांचे पैसे सारखे होतीलच असे नाही. धागा किती लांब, ओल किती, पाला-कचरा किती, हे मूठभर कापूस उकलून पाहिल्यावाचून व्यापारी बोली लावत नाही. याच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जात असे. पुढे गिरण्यांना निराळा धागा हवा झाला, आणि जुन्या गावरान वाणांची सद्दी संपली. बोंडातला कापूस होता तसाच होता. बदलली होती ती गिरणीतली यंत्रे.

माणसाच्या अंगच्या बळाचेही काहीसे असेच आहे, आणि ते पाहायला खेळाच्या मैदानासारखी दुसरी जागा नाही. म्हणून या दिवाळीत कापसाची नव्हे, तर हुतूतूच्या मैदानावरच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगावी म्हणतो. तो माणूस म्हणजे संघातला भारी गडी.

त्याला आपण सर्वांनी पाहिलेले आहे. रुंद खांद्यांचा, आखूड मानेचा, मांड्यांनी भक्कम. तो चढाईला फारसा जात नाही. कोपऱ्यात नाही तर मधल्या फळीत, शेजाऱ्याचा हात धरून उभा असतो. प्रतिपक्षाचा चपळ गडी दम घुमवीत येतो, पाय फेकतो, हुलकावण्या देतो, आणि लोक टाळ्या वाजवतात त्या त्याला. मग एका क्षणी हा भारी गडी त्याला कवेत घेतो आणि जमिनीला टेकवतो. टाळ्या त्यालाही पडतात. पण घरी जाताना पोरे नक्कल करतात ती चढाई करणाऱ्याची.

पुलगावसारख्या गावात अशा गड्यांचा तोटा पडण्याचे कारण नव्हते. वर्धा नदीच्या काठचे हे गाव कापसावर आणि आगगाडीवर वाढले. गिरणी, गाठी बांधणारे प्रेस, रेल्वेचा मालधक्का आणि पुढे सैन्याचे दारूगोळ्याचे मोठे भांडार, ही सारी पाठीच्या बळावर चालणारी कामे. जो माणूस दिवसभर ओझी उचलतो, त्याला संध्याकाळी मैदानावर एखाद्याला उचलणे जड वाटत नाही. तेव्हा 'अंगाने भरलेला आहे, पकडीला घ्या' हा हिशेब अशा गावांतून पिढ्यानपिढ्या झाला असला तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच, की तो हिशेब आजही खरा आहे काय?

एकच पकड, तीन किमती

आज आपण ज्याला कबड्डी म्हणतो, तिचे नियम आकाशातून पडलेले नाहीत. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालकडे हाडूडू अशा नावांनी हा खेळ चालत असे, आणि गावोगाव कायदे निराळे असत. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापून स्पर्धा भरवली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत हुतूतूही होता. १९५० साली अखिल भारतीय पातळीवरची संघटना झाली आणि १९५२ पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या.

या वाटचालीत खेळाचे तीन प्रकार ठळकपणे ओळखले गेले: संजीवनी, गामिनी आणि अमर. नावे काव्यमय आहेत, पण त्यांच्यातला फरक रोकड्या हिशेबाचा आहे. गामिनीत एकदा बाद झालेला गडी बाहेर बसे तो सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येतो. अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. समोरच्याला गुण मिळे आणि खेळ पुढे चाले.

आता भारी गड्याच्या नजरेने या तीन प्रकारांकडे पाहा. त्याने प्रतिपक्षाचा सर्वोत्तम चढाईबहाद्दर पकडला. गामिनीत ही पकड सोन्याची, कारण तो बहाद्दर आता लोण चढेपर्यंत परत येत नाही. संजीवनीत तिचे मोल मध्यम: तो बाहेर गेला खरा, पण त्याच्या संघाने आपला एखादा गडी मारला की तो परत उभा राहणार. मात्र पकडीने आपलाही एक गडी जिवंत होतो, हा नफा. आणि अमर प्रकारात? एक गुण, बस्स! तो बहाद्दर पुढच्या चढाईला पुन्हा हजर. बाहू तेच, पकड तीच, घामही तितकाच. पण तीन कायद्यांत तिच्या किमती तीन झाल्या. आजची कबड्डी मुख्यतः संजीवनीच्या पायावर उभी आहे, म्हणजे पकडीचा भाव मधल्या पायरीवर ठरवून तिने संसार मांडला आहे. त्या पायरीवर पुढे किती भर पडली आणि किती घट झाली, तेच आता पाहायचे.

सातासमुद्रापलीकडचा भारी गडी

परंतु त्याआधी एक दूरचा दाखला घेऊ, कारण हे कोडे काही एकट्या आपल्याच खेळाला पडलेले नाही. रग्बी लीग नावाचा एक खेळ उत्तर इंग्लंडमध्ये १८९५ साली जुन्या रग्बीपासून फुटून निघाला आणि पुढे ऑस्ट्रेलियात फार लोकप्रिय झाला. एका बाजूला तेरा गडी. त्यांतले सहा पुढच्या फळीचे, अंगापिंडाने दांडगे, ज्यांना तिकडे फॉरवर्ड म्हणतात. बाकीचे सात मागच्या फळीचे, धावण्यात चपळ. फॉरवर्डने चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत घुसायचे, खाली पाडले जायचे, उठायचे आणि पुन्हा घुसायचे. आपल्या भारी गड्याचा हा सख्खा भाऊच.

या खेळात पूर्वी असा कायदा होता, की चेंडू हातून सुटेपर्यंत तो आपल्याकडेच. कितीही वेळा पाडले गेलात तरी हरकत नाही. साहजिकच ज्याच्याकडे दांडगे फॉरवर्ड, त्याचे राज्य. सिडनीच्या सेंट जॉर्ज या संघाने १९५६ ते १९६६ अशी सलग अकरा वर्षे अजिंक्यपद घेतले. मग कायदा बदलला. इंग्लंडमध्ये १९६६ साली आणि ऑस्ट्रेलियात १९६७ साली ठरले, की चार वेळा पाडले गेलात की चेंडूवरचा हक्क गेला. त्याच १९६७ साली सेंट जॉर्जची मालिका खंडित झाली. सगळा दोष त्या एका कायद्याचा म्हणता येणार नाही. अकरा वर्षांत माणसे थकतात, निवृत्तही होतात. पण संथ, घट्ट खेळ खेळून सामना आपल्या मुठीत ठेवण्याची वाट त्या कायद्याने अरुंद केली, यात शंका नाही. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी चाराचे सहा झाले. १९९३ पासून बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे हटावे लागू लागले. म्हणजे फॉरवर्डला धावण्याचे अंतर वाढले, आणि दर वेळी मागे पळत जाण्याचेही. अलीकडे गडी बदलण्याच्या संधीही आखडत आणल्या गेल्या. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून त्या दहाच्या आठ झाल्या. दमलेल्या पहिलवानाला बाहेर बसवून ताजा पहिलवान आत सोडण्याची सोय त्यामुळे कमी झाली.

याचा परिणाम काय झाला? दांडगा माणूस खेळातून नाहीसा झाला नाही. मात्र नुसत्या दांडगेपणाचे दिवस संपले. ज्या फॉरवर्डला चेंडू वेळेवर पुढच्याच्या हाती देता येतो, जो ऐंशी मिनिटांच्या खेळात शेवटपर्यंत पाय उचलू शकतो, त्याची किंमत चढली. जो केवळ धडक देऊ शकतो, त्याची उतरली. त्या देशातल्या अजिंक्यपदाच्या चषकावर १९६३ च्या अंतिम सामन्यानंतरचे एक दृश्य कोरलेले आहे: चिखलाने माखलेला उंच फॉरवर्ड नॉर्म प्रोव्हन आणि त्याच्या खांद्याइतकाही नसलेला प्रतिस्पर्धी आर्थर समन्स, एकमेकांना मिठी मारून उभे. भारी आणि हलका, दोघांवाचून खेळ नाही, हे त्या लोकांनी धातूत ओतून ठेवले आहे.

रेषा, घड्याळ आणि मॅट

आता परत आपल्या मैदानावर येऊ. गेल्या काही दशकांत कबड्डीत जे बदल झाले, त्यांची नुसती यादी वाचली तर ते किरकोळ वाटतात. भारी गड्याच्या डोक्यावर मात्र ते एकेक करून येऊन बसले आहेत.

पहिला बदल बोनस रेषेचा. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाई करणाऱ्याने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि दुसरा अधांतरी ठेवला, की कुणालाही न शिवता त्याला गुण मिळतो. पूर्वी सात जणांची भरली भिंत उभी असली की चढाई करणारा तिच्याकडे सावधपणे पाही आणि निदानरेषा ओलांडून परत फिरे. आता त्या भरल्या भिंतीवरच त्याला बक्षीस लावले आहे. भिंतीने नुसते उभे राहून भागत नाही. तिला पुढे यावे लागते, आणि पुढे आली की ती फुटते.

दुसरा बदल घड्याळाचा. दम तर हवाच, पण चढाई तीस सेकंदांत संपलीही पाहिजे. तिसरा बदल त्याहून मोठा. दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचाच, नाही तर चढाई करणारा बाद. चार गुणांनी पुढे असलेल्या संघाने येरझाऱ्या घालून वेळ काढायचा, ही जुनी युक्ती यामुळे फार काळ चालत नाही. रग्बीतल्या 'चार वेळा पाडलात की पुरे' या कायद्याची इथे आठवण यावी. दोन्हीकडे हेतू एकच, की प्रेक्षकाला ताटकळत ठेवू नका. पण गंमत अशी, की रग्बीत जो कायदा भारी गड्याच्या मुळावर आला, त्याचाच हा भाऊ कबड्डीत पकडणाऱ्याच्या पथ्यावर पडला. तिसऱ्या चढाईला समोरचा येणारच, त्याला आत शिरावेच लागणार, हे कोपऱ्यातल्या गड्याला आधीच ठाऊक असते. सावजाने आपल्या पायांनी यावे, याहून शिकाऱ्याला आणखी काय हवे?

चौथा बदल तर सरळ पकडीच्याच नावाचा. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. याला 'सुपर टॅकल' म्हणतात. इथे सात जणांची साखळी नाही, शेजाऱ्याचा हात नाही. आहेत ते दोघे-तिघे आणि मोकळे मैदान. जो केवळ गर्दीत बळकट होता, तो या वेळी उघडा पडतो. ज्याला घोट्याची पकड एकट्याने साधते, क्षण ओळखून झेप घेता येते, तोच या दोन गुणांचा धनी.

आणि या सगळ्यांखाली अंथरलेली मॅट. विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होते. मैदान करायचे तर मुरूम-माती आणून ती चोपून काढायची आणि अनवाणी पायांनी खेळायचे, ही जुनी रीत. मातीवर पाय घसरतो, वेग मरतो आणि वजनाला जोर मिळतो. मॅटवर बूट घट्ट धरतो. चढाई करणारा जागच्या जागी वळतो, उसळतो, माघारी झेपावतो. मातीवर उमेदीची वर्षे घालवलेला भारी गडी पहिल्यांदा मॅटवर आला की अर्धा क्षण उशिरा पोचतो, आणि कबड्डीत अर्धा क्षण म्हणजे पुष्कळच उशीर.

शिवाय वजनावरच कायद्याचे कुंपण आहे. प्रौढ पुरुषांसाठी पूर्वी ८० किलोची मर्यादा होती, ती पुढे ८५ झाली. किशोर-कुमार गटांत ती आणखी खाली. तेव्हा 'भारी' या शब्दाला वरून टोपी घातलेलीच आहे. त्या टोपीच्या आत जो सर्वांत चांगला पकडतो, तो खरा भारी.

बोलीचा बाजार

भाव म्हटला की बोली आली. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कापसासारखी गड्यांवरही उघड बोली लागू लागली. पहिल्या वर्षी सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. नंतरच्या वर्षांत आकडे झपाट्याने चढले, आणि प्रथम चढले ते चढाई करणाऱ्यांचे. २०१८ साली मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख, २०१९ साली आपल्या कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाख, २०२१ साली परदीप नरवालला १ कोटी ६५ लाख.

यात अन्याय काही नव्हता. हिशेबच तसा होता. पकडीत एक गुण, फार तर दोन. चढाईत किती? याच परदीपने २०१७ साली पाटण्याकडून खेळताना एका चढाईत समोरचे सहाही गडी मारले आणि लोणासकट आठ गुण नेले. असे काही पकडणाऱ्याच्या नशिबी कधी येणार नाही. धनी लोक गुण पाहून पैसे टाकतात, आणि प्रेक्षकही उडी पाहायला येतात.

पण २०१८ सालीच एक निराळी बोली लागली होती. इराणच्या फजल अत्राचलीला, डाव्या कोपऱ्याच्या गड्याला, मुंबईच्या संघाने एक कोटी दिले. एवढे पैसे पकडीला? असे ज्यांना वाटले, त्यांना त्याच वर्षी जकार्तात उत्तर मिळाले. १९९० च्या बीजिंगपासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धांतले पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने घेतले होते, सात म्हणजे सात. २०१८ च्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले आणि पुढे सुवर्णपदकही नेले. आपल्याकडे नामांकित चढाईबहाद्दरांची फौज होती आणि तिला अठराच गुण मिळाले, ही त्या दिवसाची खरी बातमी. ज्या देशात कुस्ती हाडीमासी खिळलेली आहे, तिथल्या पोरांनी आपलाच खेळ घेऊन त्यातली पकड आपल्यापुढे ठेवली.

बाजारानेही हा धडा हळूहळू घेतला. इराणचाच मोहम्मदरझा शादलुई, जो मुळात डाव्या कोपऱ्यात पकडी करतो आणि वेळ पडली तर चढाईलाही जातो, त्याला २०२३ साली पुण्याच्या संघाने २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि त्या हंगामाचे अजिंक्यपद पुण्याला मिळाले. पुढच्या वर्षी तो हरियाणाकडे गेला आणि अजिंक्यपद हरियाणाला मिळाले. २०२५ च्या लिलावात २ कोटी २३ लाखांची त्याच्यावरची बोली सर्वांत मोठी ठरली. अकरा वर्षांत बाजार फिरून कोपऱ्यातल्या गड्यापाशी आला. मात्र जो गडी त्याला तिथे सापडला, तो जुन्या अर्थाने नुसता भारी नव्हता. त्याला पकड येते, उडी येते, चढाई येते, आणि कोणत्या क्षणी यांतले काय करायचे हेही कळते.

मग पोराने करायचे काय?

हे सारे कोट्यवधींचे आकडे पुलगावच्या पोराला परीकथेसारखे वाटतील, आणि वाटावेतही. लिलावापर्यंत पोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण या खेळाच्या बळावर रेल्वेत, पोलिसांत, सैन्यात नोकरीला लागलेली माणसे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. गिरण्यांचे भोंगे जिथे पूर्वीसारखे पोरांना कामावर बोलावीत नाहीत, अशा गावात एखाद्या बळकट पोरासाठी कबड्डी ही संध्याकाळची करमणूक नसून पोटापाण्याची एक खरी वाट असू शकते. म्हणून शाळेच्या मैदानावर त्याला काय शिकवले जाते, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

बारा-तेरा वर्षांचे अंगाने भरलेले पोर दिसले, की आपण त्याला कोपऱ्यात उभे करतो आणि म्हणतो, 'तू फक्त धर रे बाबा.' त्याला चढाईला पाठवत नाही, पळवत नाही, पायाची चपळाई शिकवत नाही. चार वर्षे तो केवळ वजनावर जिंकतो. पुढे कुमार गटात वजनाचा काटा आडवा येतो. मग स्पर्धेच्या आधी उपास करणे, घाम गाळणे, पाणी तोडणे सुरू होते, आणि मैदानावर उतरतो तेव्हा ज्या बळावर त्याला निवडले तेच बळ अंगात उरलेले नसते. मातीवर वाढलेला असेल तर मॅटवर तो आणखी गोंधळतो. खेळ त्याला सोडून जातो, आणि आपण म्हणतो, 'पोरगं चांगलं होतं, पण पुढं काही केलं नाही त्यानं!'

यावरचा उपाय काही महाग नाही. त्या पोराला रोज पाच चढाया करायला लावा. त्यामुळे तो मोठा चढाईबहाद्दर होईल असे नाही. पण चढाई करणारा कुठे अडतो, कुठे वळतो, त्याचा दम केव्हा संपत येतो, हे त्याच्या अंगाला कळेल, आणि तेच ज्ञान पुढे पकडीत उपयोगी पडेल. साखळीबाहेर, दोघांतिघांत पकड करण्याचा सराव त्याला द्या. जिथे मॅट मिळेल तिथे आठवड्यातून एकदा तरी बूट घालून खेळवा. आणि त्याच्या वजनाची काळजी स्पर्धेच्या आदल्या रात्री न करता वर्षभर करा.

कायदे पुन्हा बदलतील. आज तीस सेकंद आहेत, उद्या आणखी काही असेल. आज दोन गुणांना असलेली पकड उद्या एकाला येईल. कुठला कायदा केव्हा बदलावा हे पुलगावच्या पोराच्या हाती नाही, जसा कापसाचा भाव त्याच्या बापाच्या हाती नाही. पण कोणते बियाणे पेरावे हे बापाला ठरवता येते, आणि शहाणा शेतकरी सगळे शेत एकाच वाणाखाली घालीत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील आणि मैदाने पुन्हा आखली जातील. तेव्हा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या त्या भरल्या अंगाच्या पोराला गुरुजींनी एकदा तरी मध्यरेषेवर बोलवावे आणि सांगावे, 'आज पहिली चढाई तुझी.'